इंटरफेरॉन-बीटा आणि नॅबचा वाद : पुराव्याचे एक टीकात्मक वाचन

मल्टिपल स्क्लेरॉसिस (पुढे एमएस) या आजाराचा मार्ग बदलणारे पहिले औषध, इंटरफेरॉन-बीटा, अमेरिकेत १९९३ साली मंजूर झाले. औषध प्रथिनाचे, तेही इंजेक्शनने आणि वर्षानुवर्षे घ्यायचे. अशा औषधाविरुद्ध काही रुग्णांचे शरीर प्रतिपिंडे तयार करते. त्यांपैकी जी प्रतिपिंडे औषधाला नुसती चिकटत नाहीत, तर त्याचे काम बंद पाडतात, त्यांना न्यूट्रलायझिंग अँटिबॉडी म्हणतात. वैद्यकीय लेखनात त्यांचे लघुरूप ‘नॅब’ असे होते आणि या टिपणातही तेच वापरले आहे.

नॅब तयार झाल्यावर औषधाचा उपयोग होतो का, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. तरीही त्यावर युरोप आणि अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी २००५ ते २००७ या काळात, जवळजवळ तोच पुरावा समोर ठेवून, दोन वेगवेगळे सल्ले दिले. कोणत्या बाजूचे वाचन अधिक बरोबर होते ते आपण तपासणार आहोत. मी वैद्य नाही. मोजमापन आणि संख्याशास्त्र शिकवतो, त्या बाजूनेच या पुराव्याकडे पाहतो आहे. कोणाही रुग्णाने या टिपणावरून उपचाराचा निर्णय घेऊ नये.

पार्श्वभूमी

एमएसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिन आवरणावर हल्ला करते. वर्गात सांगताना वायरवरच्या इन्सुलेशनची उपमा दिली जाते. ती चालते, पण एका मर्यादेपर्यंतच, कारण इथे आवरणाबरोबर पुढे ‘तार’ही झिजते आणि ती पुन्हा ओढता येत नाही. आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात झटके येतात. एका डोळ्याची दृष्टी मंदावते, पाय बधिर होतो, तोल जातो. काही आठवड्यांत पूर्णतः किंवा अंशतः सुधारणा होते आणि पुढचा झटका कधी येईल ते सांगता येत नाही. औषधाचे यश म्हणूनच ‘वर्षाला सरासरी किती झटके’ या आकड्यावर मोजले गेले. हा आकडा लहान आणि अनियमित असतो. पुढचा बराचसा वाद त्याच्या या स्वभावातून आला आहे.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी लावला. विषाणूची बाधा झालेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करण्यासाठी हे प्रथिन सोडते. पेशीच्या पृष्ठभागावरील दोन भागांच्या ग्राहकाला इंटरफेरॉन जोडले गेले की आत जॅक-स्टॅट नावाची संदेशसाखळी सुरू होते आणि शेकडो जनुके जागी होतात. त्यांपैकी एका जनुकापासून एमएक्सए हे प्रथिन तयार होते. त्याचे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचे काम आहे.

बाजारात आलेले इंटरफेरॉन-बीटा दोन जातींचे होते. बीटा-१बी हे ई. कोलाय जिवाणूत तयार होते. त्यावर शर्करेची साखळी नसते आणि सतराव्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन असते. बीटा-१ए हे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातील पेशींमध्ये तयार होते, त्यामुळे त्यावर मानवी प्रथिनासारखी शर्करा असते. बीटा-१बी एक दिवसाआड त्वचेखाली टोचतात. बीटा-१एचे एक रूप, अव्होनेक्स, आठवड्यातून एकदा स्नायूत, तर दुसरे, रेबिफ, आठवड्यातून तीनदा त्वचेखाली द्यायचे. नॅबचे प्रमाण बीटा-१बीमध्ये सर्वाधिक, रेबिफमध्ये मधले आणि अव्होनेक्समध्ये सर्वांत कमी आढळत आले. याला शर्करा नसणे हे एकच कारण नाही. बीटा-१बीचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. एकच आकार रांगेने पुन्हा पुन्हा दिसला की संरक्षण यंत्रणेला तो विषाणूच्या कवचासारखा वाटतो, असे मानले जाते. टोचण्याची जागा, किती वेळा टोचतो आणि रुग्णाचे एचएलए जनुक यांचाही वाटा आहे.

पहिली ठिणगी : १९९३ आणि १९९६

बीटा-१बीच्या मूळ चाचणीत ३७२ रुग्ण होते आणि त्यांचे यादृच्छिक पद्धतीने तीन गट केले होते : प्लासिबो, कमी मात्रा (१.६ दशलक्ष एकके) आणि जास्त मात्रा (८ दशलक्ष एकके). दोन वर्षांनंतर वार्षिक झटक्यांचे प्रमाण अनुक्रमे १.२७, १.१७ आणि ०.८४ आले. म्हणजे जास्त मात्रेने झटके सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. आजार बरा करणारे हे औषध नव्हते, पण तोपर्यंत हातात काहीच नव्हते हे विसरू नये.

याच चाचणीच्या पहिल्या तीन वर्षांच्या आकड्यांवर १९९६ मध्ये नॅबविषयीचा लेख आला. जास्त मात्रेच्या गटातील एक तृतीयांशाहून थोड्या अधिक रुग्णांत नॅब आढळली होती. दीड वर्षानंतरच्या काळात अशा रुग्णांतील झटक्यांचे प्रमाण प्लासिबो गटाच्या जवळ गेले होते. ज्यांना नॅब नव्हती त्यांच्यात औषधाचा फायदा टिकून होता.

लेख वाचून लगेच ‘सिद्ध झाले’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. यादृच्छिक वाटप औषध आणि प्लासिबो यांचे झाले होते. नॅब असणे आणि नसणे हे वाटप कोणी केले नव्हते, ते रुग्णाच्या शरीराने केले. उपचार सुरू झाल्यानंतर घडलेल्या गोष्टीवरून गट पाडले की यादृच्छिकतेचे संरक्षण संपते. ज्यांची संरक्षण यंत्रणा मुळातच अधिक तापट आहे, त्यांना नॅबही अधिक होईल आणि झटकेही अधिक येतील, हे शक्य आहे. तसे असेल तर नॅब हा गुन्हेगार ठरत नाही, ती गुन्ह्याच्या जागी हजर असलेली दुसरी व्यक्ती ठरते. शिवाय ‘एकदा नॅब तर कायम नॅब’ असे धरायचे की नाही, हा व्याख्येचा प्रश्नही उरतो, कारण बीटा-१बी घेणाऱ्या काही रुग्णांत पुढच्या काही वर्षांत नॅब नाहीशी होते.

या आक्षेपांना उत्तर म्हणून पेटकाऊ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच चाचणीच्या आकड्यांचे पुन्हा विश्लेषण केले. रुग्णारुग्णांची तुलना न करता त्यांनी एकाच रुग्णाच्या नॅब नसलेल्या आणि नॅब असलेल्या काळांची तुलना केली. ही पद्धत चांगली आहे, कारण रुग्णाचा स्वभाव, वय, जनुके हे सारे आपोआप रद्द होते. पण उत्तर पहिल्याइतके सरळ आले नाही. मात्रा कोणती, टायटर किती, व्याख्या कोणती यांनुसार ते बदलत होते.

इथे एका गोष्टीकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. एमएसमध्ये झटक्यांचे प्रमाण काळाबरोबर आपोआप घटते. मूळ चाचणीच्या प्लासिबो गटातही ते वर्षागणिक उतरत गेले. चाचणीत येणारा रुग्ण बहुधा वाईट काळात आलेला असतो, त्यामुळे पुढचा काळ सरासरीकडे झुकतो. नॅब नेहमी नंतर येते, साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे एकाच रुग्णात ‘नॅबपूर्व’ काळ हा जास्त झटक्यांचा आणि ‘नॅबोत्तर’ काळ कमी झटक्यांचा असण्याची शक्यता मुळातच आहे. काळाची ही उतरण नीट वजा केली नाही तर नॅबचा दुष्परिणाम झाकला जातो. रुग्णांतर्गत तुलनेतून फिकट परिणाम दिसला, तर त्यावरून ‘परिणाम नाही’ म्हणण्याआधी हा कल तपासावा लागतो.

डेन्मार्कचा अभ्यास

या विषयावरचा मला सर्वांत जमलेला वाटणारा लेख २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पेर सोलबर्ग सोरेन्सन आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी १९९६ ते १९९९ दरम्यान उपचार सुरू केलेल्या रुग्णांतून ५४१ जण यादृच्छिक पद्धतीने निवडले आणि पाच वर्षांपर्यंत दर बारा महिन्यांनी त्यांची नॅब मोजली. मोजणारे आंधळ्या पद्धतीने काम करत होते. विशेष म्हणजे जास्त, मध्यम आणि कमी संवेदनशीलतेच्या तीन चाचण्या वापरल्या होत्या, नॅब ‘आहे’ म्हणण्याची सीमाही वेगवेगळी धरली होती. एकाच सीमारेषेवर निष्कर्ष टांगून न ठेवण्याची ही खबरदारी मला फार आवडते. आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांत ती क्वचित दिसते.

निकाल असा : नॅब असलेल्या काळात वार्षिक झटके ०.६४ ते ०.७०, नसलेल्या काळात ०.४३ ते ०.४६. बारा महिन्यांच्या तपासणीत नॅब नसलेल्या रुग्णांना पहिला झटका येईपर्यंतचा काळ २४४ दिवसांनी लांबला. उपचाराच्या सुरुवातीचे वय, लिंग, आजाराचा कालावधी आणि वाढीचा वेग यांचा नॅब तयार होण्याशी संबंध आढळला नाही. अपंगत्वाच्या वाढीत मात्र स्पष्ट फरक दिसला नाही.

आता एक छोटे गणित करू. मूळ चाचणीनुसार औषध झटके साधारण एक तृतीयांशाने कमी करते, म्हणजे प्रमाण दोन तृतीयांशावर आणते. औषधाचा परिणाम पूर्ण पुसला गेला तर प्रमाण पुन्हा मूळ जागी येईल, म्हणजे दोन तृतीयांशाच्या दीडपट. डॅनिश आकड्यांत ०.६४ भागिले ०.४३ किंवा ०.७० भागिले ०.४६ केले की दोन्ही वेळा उत्तर दीडच्या आसपास येते.

दोन अभ्यासांचे रुग्ण, देश आणि काळ वेगळे आहेत, डॅनिश अभ्यासात बीटाच्या दोन्ही जाती आहेत आणि प्लासिबो गट नाही, त्यामुळे या जुळणीला पुरावा म्हणता येणार नाही. पण ती अंदाजाची दिशा दाखवते. ‘नॅबमुळे औषध थोडे कमी पडते’ यापेक्षा ‘नॅब आली की औषध जवळजवळ गैरहजर असते’ हे म्हणणे या आकड्यांशी जास्त जुळते. अपंगत्वात फरक दिसला नाही म्हणून निष्कर्ष फेटाळणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की अपंगत्वाची मोजपट्टी हळू हलते, आणि औषधाचा तिच्यावरील परिणाम मुळातच झटक्यांवरील परिणामापेक्षा कमी खात्रीचा होता. जिथे फायदाच अंधुक दिसतो, तिथे फायद्याचा अभाव स्पष्ट कसा दिसणार?

अभ्यासात उणिवा आहेतच. बारा महिन्यांतून एकदा नमुना घेऊन, काही महिन्यांत बदलू शकणाऱ्या राशीचा माग काढता येत नाही, हे संकेतप्रक्रिया शिकलेल्या कोणालाही पटेल. दोन तपासण्यांच्या मध्ये नॅब नेमकी केव्हा आली ते कळत नाही, म्हणून काही झटके चुकीच्या काळाच्या खात्यात जमा होणारच. मात्र अशी सरमिसळ यादृच्छिक असेल तर ती दोन गटांतील फरक कमी करते, वाढवत नाही. खरा फरक दिसलेल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो.

छोट्या चाचण्यांत फरक का दिसला नाही

विरुद्ध बाजूचा आवडता मुद्दा असा, की एक-दोन वर्षांच्या अनेक चाचण्यांत नॅब असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांत लक्षणीय फरक सापडला नाही. हा मुद्दा आपण स्वतः तपासून पाहू. एक काल्पनिक पण वास्तवाजवळची मांडणी घेऊ. एका गटात १२४ रुग्ण, चाचणी दोन वर्षांची. त्यांपैकी ३५ टक्के, म्हणजे ४३ जणांना नॅब होते आणि ती दीड वर्षाच्या सुमारास येते. ‘नॅब असलेला’ काळ उरतो अर्ध्या वर्षाचा, म्हणजे एकूण साडेएकवीस रुग्ण-वर्षे. उरलेल्या ८१ जणांची त्याच काळातली रुग्ण-वर्षे साडेचाळीस. समजा, नॅब औषधाला संपूर्ण निकामी करते. मग पहिल्या गटात १.२७च्या दराने सुमारे २७ झटके, दुसऱ्यात ०.८४च्या दराने सुमारे ३४ झटके अपेक्षित आहेत.

झटके प्वासाँ वितरणाने येतात असे धरले तर पहिल्या गटाच्या दरातील प्रमाण त्रुटी सुमारे ०.२४, दुसऱ्याच्या दरातील सुमारे ०.१४ आणि दोन्ही मिळून फरकाची ०.२८. फरक आहे ०.४३. भागाकार दीडच्या आसपास येतो आणि पाच टक्क्यांच्या पातळीवर लक्षणीय म्हणायला जवळजवळ दोन हवेत. अशी चाचणी तीनदा केली तर साधारण एकदाच ‘फरक आहे’ असे उत्तर येईल, तेही औषध शंभर टक्के निकामी होत असताना! प्रत्यक्षात झटक्यांचे विखुरणे प्वासाँपेक्षा जास्त असते, त्यामुळे शक्यता आणखी घटते. फरक न सापडणे हे छोट्या चाचणीचे अपेक्षित उत्तर आहे. त्यातून नॅबविषयी काही कळत नाही, चाचणीच्या शक्तीविषयी कळते. विद्यार्थ्यांनी हे गणित चार वर्षांच्या पाठपुराव्यासाठी पुन्हा करून पाहावे. प्रिझम्स ही रेबिफची ५६० रुग्णांची चाचणी चार वर्षांपर्यंत वाढवल्यावर नॅबचा दुष्परिणाम दिसू लागला, याचे आश्चर्य मग वाटणार नाही.

त्याच चाचणीत आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दोन वर्षांनंतर २२ मायक्रोग्रॅम घेणाऱ्या गटात सुमारे २४ टक्के जणांना नॅब होती, तर ४४ मायक्रोग्रॅमच्या गटात सुमारे साडेबारा टक्के. दुप्पट औषध, निम्मी नॅब. मोठ्या मात्रेला संरक्षण यंत्रणा सरावते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

मोजपट्टीचा प्रश्न

अमेरिकेच्या बाजूने घेतलेला सर्वांत वजनदार आक्षेप मोजमापाचा होता आणि तो मला बऱ्याच अंशी मान्य आहे. नॅब मोजायची जुनी पद्धत अशी : पेशींच्या थरावर ठरावीक इंटरफेरॉन आणि रुग्णाच्या रक्तद्रवाचे वाढत्या प्रमाणात पातळ केलेले नमुने घालायचे, मग विषाणू सोडायचा. इंटरफेरॉन काम करत असेल तर पेशी वाचतात, नॅबने ते अडवले असेल तर मरतात. पेशी जिवंत वस्तू आहेत, आज एका इंटरफेरॉनला जेवढा प्रतिसाद देतील तेवढाच उद्या देतील असे नाही.

यावर कावादे यांनी दिलेला उपाय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लगेच कळेल. मिलिलिटरमागे दहा एकके इंटरफेरॉन एका एककावर आणणारी प्रतिपिंडाची शक्ती, हे टायटरचे माप ठरवले. नऊ एकके नष्ट झाली, म्हणून सूत्रात नवाने भागायचे : टायटर म्हणजे अंतिम विरलन गुणिले (त्या दिवशी प्रत्यक्ष मोजलेली इंटरफेरॉनची एकके वजा एक) भागिले नऊ. समजा, एका नमुन्याचे अंतिम विरलन ३० आले. प्रयोगशाळेने दहा एकके घातली असे गृहीत धरून ३० टायटर लिहिला. पण त्या दिवशी पेशींच्या हिशेबाने इंटरफेरॉन सातच एकके भरले असेल, तर खरा टायटर ३० गुणिले ६ भागिले ९, म्हणजे २०. अनेक ठिकाणी वीस हीच नॅब ‘आहे’ म्हणण्याची सीमा होती! म्हणजे दुरुस्ती न केलेली प्रयोगशाळा ज्याला निःशंकपणे सकारात्मक म्हणते, तो रुग्ण खरे तर सीमेवर उभा असतो. अशा स्थितीत वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे ‘नॅब टक्के’ शेजारी ठेवून औषधांची क्रमवारी लावणे हा प्रकार मला कच्चा वाटतो, आणि तो बराच झाला.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘मोजू नका’ असा नाही. सीमारेषेवरचे निकाल डळमळीत आहेत, कित्येक शेकड्यांतले टायटर डळमळीत नाहीत. शिवाय दुसरा मार्ग उपलब्ध होता, आणि इथे एमएक्सए उपयोगी पडते. इंजेक्शन दिल्यानंतर काही तासांनी रक्त घेऊन एमएक्सएचा संदेश-आरएनए वाढला का ते पाहायचे. वाढला तर औषध ग्राहकापर्यंत पोचले आणि आतली साखळी सुरू झाली. संप्रेषण यंत्रणेत टोकाला संकेत परत येतो का हे पाहण्याची जी चाचणी आपण करतो, तिचेच हे जैविक रूप. टायटर जास्त आणि टिकाऊ असलेल्या रुग्णांत एमएक्सएचा प्रतिसाद नाहीसा होतो, हे वेगवेगळ्या गटांनी दाखवले. झटक्यांच्या आकड्यांत जो गोंगाट आहे, तो इथे नाही. ‘तापट संरक्षण यंत्रणा’ हा पर्यायी खुलासाही इथे लागू पडत नाही, कारण प्रश्न आजाराचा नसून औषध आपले पहिले काम करते की नाही, एवढाच आहे.

दोन समित्या

युरोपीय चेताशास्त्र संघांच्या महासंघाने २००५ मध्ये सल्ला दिला : सर्व रुग्णांची बारा आणि चोवीस महिन्यांनी नॅब तपासा. तोपर्यंत नसेल तर पुढे तपासणी थांबवता येईल. असेल तर तीन ते सहा महिन्यांच्या अंतराने पुन्हा मोजा आणि जास्त टायटर टिकून राहिला तर औषध बंद करा. तपासणे आणि बंद करणे, दोन्ही शिफारशींना त्यांनी सर्वोच्च ‘अ’ दर्जा दिला.

अमेरिकन अकादमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या समितीने २००७ मध्ये मान्य केले की नॅबमुळे, विशेषतः टायटर जास्त आणि टिकाऊ असेल तर, औषधाचा परिणाम बहुधा घटतो. पण तपासणी केव्हा करावी, कोणती करावी, किती वेळा करावी आणि कोणती सीमा धरावी, यासाठी पुरावा अपुरा आहे, असे म्हणून त्यांनी तपासणीची शिफारस केली नाही.

युरोपच्या सल्ल्यातील ‘अ’ दर्जा मला पटत नाही. ‘नॅब तपासून उपचार बदलले’ आणि ‘तपासलेच नाही’ अशा दोन गटांची यादृच्छिक तुलना कोणी केली नव्हती. नॅब औषधाला अडवते याचा पुरावा बळकट आहे. तपासणीने रुग्णाचे भले होते हा त्यापुढचा दावा आहे, आणि तो तर्काने काढलेला आहे. तर्क चांगला आहे, पण त्याला प्रयोगाचा दर्जा देता येत नाही.

तरीही दोघांपैकी एकाची निवड करायची झाली तर मी युरोपची करीन. अमेरिकन समितीची चूक पुरावा मोजण्यात नव्हती, पुराव्याचा भार कोणावर टाकायचा हे ठरवण्यात होती. ‘शिफारस नाही’ ही तटस्थ जागा नाही. तिचा प्रत्यक्ष अर्थ असा की पहिला दिवस जसा, तसाच तिसऱ्या वर्षीही रुग्ण एक दिवसाआड सुई टोचत राहील, त्या रात्री फ्लूसारखी कणकण सोसेल, आणि औषध त्याच्या पेशींपर्यंत पोचते की नाही हे त्याला कोणी सांगणार नाही. ज्या देशांत औषधाचा खर्च बहुतांशी घरच्या खिशातून होतो, तिथे या शांततेची किंमत आणखी वाढते. आणि इथे चाचणीने काय करायचे हे स्पष्ट होते : एका इंटरफेरॉन-बीटाविरुद्धची नॅब बाकीच्या इंटरफेरॉन-बीटांनाही अडवते, म्हणून ब्रँड बदलून उपयोग नाही, औषधाचा वर्गच बदलावा लागतो. तेव्हा ग्लॅटिरामेर उपलब्ध होते, काही काळाने नॅटालिझुमॅबही आले.

समितीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. कमी नॅब म्हणजे चांगले औषध, हे समीकरण तेव्हा जाहिरातीच्या भाषेत सहज विकले जात होते, आणि पुरावा त्याच्या विरुद्ध होता. इन्कॉमिन या २००२ च्या इटालियन चाचणीत १८८ रुग्णांपैकी काहींना बीटा-१बी आणि काहींना आठवड्यातून एकदाचे बीटा-१ए दिले. नॅब जास्त करणाऱ्या बीटा-१बीच्या गटात दोन वर्षे झटक्याविना राहिलेले ५१ टक्के होते, दुसऱ्या गटात ३६ टक्के. एव्हिडन्स या चाचणीत २४ आठवड्यांनंतर रेबिफच्या गटात ७५ टक्के, अव्होनेक्सच्या गटात ६३ टक्के झटक्याविना होते. चोवीस आठवड्यांत नॅब अजून पुरती आलेलीही नसते, तेव्हा ही दुसरी तुलना रेबिफला थोडी झुकते माप देते, हे खरे. पण दोन्ही मिळून एवढे नक्की सांगतात, की गटाची सरासरी आणि एका रुग्णाचे भवितव्य हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जास्त नॅब करणारे औषध सरासरीने सरस असू शकते, आणि त्याच गटातला नॅब झालेला एक तृतीयांश भाग त्याचा काहीच लाभ घेत नसू शकतो. सरासरी चांगली आहे म्हणून त्या एक तृतीयांशाला शोधायचे नाही, हे म्हणणे मला समजत नाही. तिथे तर शोधण्याची गरज अधिक.

पुढे काय झाले

२०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका गटाने ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त संयुक्त शिफारशी दिल्या. नॅब, एमएक्सए, झटके आणि एमआरआय यांचा एकत्र विचार करून निर्णय घ्यावा, असे त्यांनी सुचवले. दोन समित्यांच्या मधला हा शहाणा रस्ता होता, पण तो उशिरा आला. तोपर्यंत गोळ्यांच्या रूपातील औषधे दाराशी होती आणि इंटरफेरॉनचे महत्त्व ओसरू लागले होते. २०१४ मध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलेले, दोन आठवड्यांतून एकदा घ्यायचे बीटा-१ए अमेरिकेत मंजूर झाले. त्यात नॅबचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आढळले.

नॅटालिझुमॅबबाबत हा वाद जवळजवळ झालाच नाही. त्याच्या मुख्य चाचणीत सुमारे सहा टक्के रुग्णांत प्रतिपिंडे टिकून राहिली आणि त्यांच्यात औषधाचा परिणाम हरवला. हे औषध झटके सुमारे दोन तृतीयांशाने कमी करते, म्हणून तो हरवला की लगेच दिसतो. वर केलेले गणित या आकड्यांवर पुन्हा करून पाहा. औषधाचा परिणाम एक तृतीयांशावरून दोन तृतीयांशावर नेला की तोच फरक पकडायला किती कमी रुग्ण-वर्षे लागतात, ते कळेल.